मेणाची नळी, कॅसेट आणि मोबाइल

माझ्या कपाटात साठ मिनिटांची एक कॅसेट आहे. तिच्या कागदावर माझ्याच हस्ताक्षरात लिहिलेलं आहे : 'वारली लग्नगीतं, डहाणू ता., मे १९९३'. गाणाऱ्या बाईचं नाव नाही. पाड्याचंही नाही. एम.ए. होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, लोकसाहित्याचा अभ्यास करायचा असं ठरवलं होतं, खांद्याला उसना टेपरेकॉर्डर होता आणि आपण काहीतरी नष्ट होण्यापासून वाचवतो आहोत अशी ठाम समजूत होती. एका लग्नघरी रात्रभर बसून मी धवलेरीचं गाणं मुद्रित केलं. घराच्या मालकाला विचारलं होतं, तो हो म्हणाला. गाणारीला विचारायचं असतं, हे मला सुचलंच नाही.

दोन वर्षांपूर्वी एका वस्तुसंग्रहालयातून फोन आला. वारली चित्रांचं दालन नव्याने मांडायचं चाललं होतं. प्रत्येक चित्राशेजारी एक क्यूआर कोड लावणार, मोबाइल त्यावर धरला की त्या चित्रामागचं गाणं किंवा कथा कानात ऐकू येणार. "मॅडम, तुमच्याकडे धवलेरीचं जुनं रेकॉर्डिंग आहे असं कळलं. आम्ही डिजिटाइझ करून घेतो, तुम्ही फक्त कॅसेट द्या." फोनवरचा तरुण उत्साही होता, आणि कल्पना खरोखर चांगली होती. मी हो म्हणणारच होते. मग वाटलं, कॅसेट माझी आहे हे खरं, पण तिच्यातला आवाज? 'कळवते' म्हणून मी फोन ठेवला. पुढचं वर्षभर मी जे वाचलं, ते त्या 'कळवते' या शब्दामुळे वाचलं.

त्या तरुणाची कल्पना चांगली का होती, ते आधी सांगते. वारली चित्र म्हणून आज आपण जे ओळखतो, ते मुळात चित्र म्हणून सुटं नव्हतंच. लग्नात कुडाच्या भिंतीवर, गेरूच्या पृष्ठभागावर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. लिहिणाऱ्या सवाशिणी असतात. चौकाच्या मधोमध पालघट देवी. आणि चौक लिहिला जात असताना, नंतर लग्न लागताना, धवलेरी गात असते. धवलेरी म्हणजे लग्न लावणारी बाई. भटजीचं जे काम, ते तिथे तिचं. तिच्या गाण्यातून देव येतात, लग्नाला बोलावले जातात. गाण्याशिवाय चौक म्हणजे मंत्राशिवाय होम. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी या पाड्यांमध्ये पोचले, कागद आणि रंग आले, जिव्या सोमा मशे यांच्यासारखा असामान्य चित्रकार जगापुढे आला, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. या सगळ्याने वारल्यांना बरंच काही दिलं. पण चित्र भिंतीवरून कागदावर आलं तेव्हा दोन गोष्टी भिंतीपाशीच राहिल्या : बायका, आणि आवाज. काचेमागच्या चौकट केलेल्या चौकासमोर उभं राहिलं की मला नेहमी मूकपटाची आठवण येते. तिथे मोबाइलमधून धवलेरीचा आवाज आला, तर कुणाला नको आहे?

पण आवाज गोळा करून संग्रहालयात ठेवण्याचा इतिहास मोबाइलपेक्षा बराच जुना आहे, आणि तो वाचताना माझी कॅसेट मला वारंवार दिसत राहिली.

*

मार्च १८९०. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, मेन राज्यात, कॅनडाच्या सीमेला लागून कॅलस नावाचं गाव आहे. तिथे जेसी वॉल्टर फ्यूक्स नावाचा गृहस्थ एडिसनचा फोनोग्राफ घेऊन आला. फ्यूक्स मूळचा प्राणिशास्त्रज्ञ, समुद्री जिवांचा अभ्यासक. मेरी हेमनवे या धनिक बाईंच्या आर्थिक पाठबळावर नैर्ऋत्येकडच्या झुनी लोकांकडे त्याची मोहीम निघणार होती आणि हे नवं यंत्र तिथे चालेल का, याची चाचणी त्याला आधी जवळपास घ्यायची होती. त्या चाचणीसाठी त्याने निवडले पासामाक्वॉडी लोक. नोएल जोसेफ्स आणि पीटर सेलमोर हे पासामाक्वॉडी त्याच्या यंत्राच्या कर्ण्यात गायले, बोलले. नृत्याची गाणी, कथा, शब्द. मेणाच्या एका नळीवर जेमतेम दोन-तीन मिनिटं मावत. तीन दिवसांत काम आटोपलं. मानववंशशास्त्राच्या अभ्यासकाने एखाद्या समाजात प्रत्यक्ष जाऊन केलेलं जगातलं पहिलं ध्वनिमुद्रण म्हणून ही घटना सांगितली जाते.

फ्यूक्सने लगेच लेख लिहिले, यंत्राची शिफारस केली. या भाषा लवकरच नाहीशा होणार, त्याआधी त्यांचा आवाज पकडून ठेवायला हवा, असं त्याचं म्हणणं. त्यात लबाडी नव्हती. त्या पिढीतल्या बहुतेक संग्राहकांना प्रामाणिकपणे तसंच वाटे. (१९९३मध्ये मलाही वाटत होतं, फक्त माझं यंत्र जपानी होतं.) नळ्या हार्वर्डच्या पीबडी म्युझियममध्ये गेल्या. तिथे ऐंशी वर्षं राहिल्या. १९७०मध्ये त्या वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे गेल्या. त्यांतल्या एकतीस आज तिथे आहेत. या सगळ्या काळात सेलमोर आणि जोसेफ्स यांची नातवंडं-पतवंडं कॅलसपासून थोड्या अंतरावरच्या आपल्या दोन वस्त्यांमध्ये राहत होती, आणि भाषा खरोखरच झिजत चालली होती. शाळेत इंग्रजी, चर्चमध्ये इंग्रजी. आजोबांचा आवाज मेणात सुरक्षित आणि घरात भाषा नाही. पुरातत्त्वाच्या गोदामांत असे विरोधाभास ढिगाने सापडतात.

दुसरी गोष्ट टास्मानियाची. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेचं हे बेट. १८७६ साली ट्रुगानिनी नावाची स्त्री वारली तेव्हा 'शेवटची टास्मानियन' गेली असं जगभर छापून आलं. ते खोटं होतं. फॅनी कॉक्रेन स्मिथ जिवंत होती, तिला मुलंबाळं होती, आणि तिला आईची गाणी येत होती. होबार्टच्या रॉयल सोसायटीने १८९९मध्ये आणि होरेस वॉटसनने १९०३मध्ये तिचा आवाज मेणावर घेतला. १९०३चं छायाचित्र प्रसिद्ध आहे : मोठा कर्णा, एका बाजूला टाय लावलेले वॉटसन, दुसऱ्या बाजूला काळ्या पोशाखातली, फुलं-पिसं ल्यालेली फॅनी. पहिल्यांदा स्वतःचं गाणं यंत्रातून ऐकल्यावर ती रडली असं नोंदलेलं आहे. टास्मानियाच्या मूळ भाषांतलं त्या काळातलं हे एकमेव मुद्रित गाणं. १९९०च्या दशकात तिथल्या आदिवासींनी आपली भाषा नव्याने उभी करायला घेतली, 'पलावा कानी' हे तिचं नाव, तेव्हा हाती असलेल्या मोजक्या साधनांमध्ये फॅनीच्या नळ्या होत्या. म्हणजे संग्राहकांना दोष देऊन भागत नाही. वॉटसन कर्णा घेऊन बसलेच नसते तर आज काहीच उरलं नसतं. मला ही गोष्ट सोयीची वाटते आणि म्हणूनच मी तिच्याकडे जरा संशयाने पाहते.

*

संग्रहालयात आवाज ऐकवायची पद्धतही आजची नाही. १९५२ साली ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक म्युझियममध्ये प्रेक्षकांच्या हातात रेडिओसारखी यंत्रं दिली गेली. एका टेपवरचं निवेदन लघुलहरींवरून प्रक्षेपित होई आणि सगळे प्रेक्षक एकाच वेळी एकच वाक्य ऐकत, एकाच वेळी पुढच्या चित्राकडे वळत. पुढे कॅसेट आली, मग आकडे दाबायची यंत्रं, मग मोबाइल. क्यूआर कोड तर १९९४ साली जपानमध्ये डेन्सो वेव्ह या कंपनीत मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला जन्मला. तो वस्तुसंग्रहालयात येणं एका अर्थी साहजिकच; तिथेही सुटे भागच असतात.

या सगळ्या प्रवासात एक गोष्ट बदलली नाही. आवाज वाजवणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये कुठलाच प्रश्न उभा राहत नसे. तिकीट काढलं की ऐकायचा हक्क मिळाला. छापील पुस्तकात वाढलेल्या आपल्याला यात गैर काही वाटत नाही. पण मौखिक परंपरा जिथे जिवंत असते तिथे गोष्ट कोण सांगू शकतं, कुणाला, कोणत्या ऋतूत, कोणत्या ठिकाणी, याचे नियम असतात. काही कथा थंडीतच सांगायच्या. काही गाणी बायकांची, पुरुषांनी ऐकायची नाहीत; काही पुरुषांची. आपल्याकडेही हे नवं नाही. दिवसा कहाणी सांगितली तर मामा वाट चुकतो, अशी धमकी आम्हा मुलांना मिळतच असे. यंत्राला हे नियम कळत नाहीत. मेणाची नळी जून महिन्यातही हिवाळ्याची गोष्ट सांगते.

हा प्रश्न पहिल्यांदा यंत्राच्या आत घातला तो मध्य ऑस्ट्रेलियातल्या लोकांनी. १९९४मध्ये अनांगू लोकांच्या पिचन्चचरा कौन्सिलने 'आरा इरिटिचा' नावाचा संग्रह सुरू केला. नावाचा अर्थ साधारणपणे 'फार पूर्वीच्या गोष्टी'. शहरांतल्या संग्रहालयांमध्ये आणि मिशनऱ्यांच्या पेट्यांमध्ये अडकलेली छायाचित्रं, ध्वनिफिती, चित्रफिती यांच्या प्रती काढून त्यांनी त्या संगणकांवर घातल्या आणि ते संगणक वाळवंटातल्या वस्त्यांवर नेले. धूळ, उष्णता, बेभरवशाची वीज. पण त्या संगणकात एक सोय होती जी तेव्हा कुठल्याही मोठ्या संग्रहालयाच्या यादीत नव्हती. पुरुषांच्या विधींची सामग्री वेगळी, बायकांची वेगळी. कुणी वारलं की त्या माणसाचे फोटो आणि आवाज सुतकात जातात. घरच्यांनी सांगेपर्यंत ते सहज समोर येत नाहीत. संगणकाला सुतक पाळायला शिकवलं, असं मी एका मैत्रिणीला सांगितलं तेव्हा ती हसली, मग गप्प झाली.

त्याच मध्य ऑस्ट्रेलियात टेनंट क्रीक गावी वारुमुंगू लोकांचं न्यिंका न्युन्यू हे कला-संस्कृती केंद्र आहे. तिथे किम्बर्ली क्रिस्टन ही अमेरिकन अभ्यासक काम करत होती. जुन्या फोटोंच्या प्रती गावात आल्या की ती पाही : लोक ते फोटो चाळताना मध्येच मान वळवत, काही फोटो बघत नसत, काही दुसऱ्याकडे सरकवत. कुणी काय पाहावं हे प्रत्येकाला पाठ होतं. २००७च्या सुमारास वारुमुंगूंबरोबर तिने एक संगणकीय संग्रह उभा केला. तिथल्या वडीलधाऱ्यांनी त्याला 'मुकुर्तू' हे नाव दिलं. मुकुर्तू म्हणजे विणलेली झोळी, पूर्वी पवित्र वस्तू जपून ठेवायची. झोळीतली वस्तू बघायची तर वडिलांकडे जाऊन विचारावं लागे. या संग्रहात प्रत्येक माणूस आपलं नाव, कुळ, स्थान सांगून आत जातो आणि त्याला जे पाहायचा हक्क तेवढंच त्याच्यापुढे उघडतं. मुकुर्तू आता कुणालाही विनाशुल्क वापरता येतं, जगभरातले अनेक आदिवासी समाज ते वापरतात, आणि मोबाइलवरही ते पोचलं आहे.

इथे मला एक गोष्ट जाणवली जी मला आधी उलटी वाटत होती. मोबाइल म्हणजे सगळ्यांना सगळं, अशी माझी कल्पना. पण कर्णा, रेडिओ, दालनातला स्पीकर यांच्यापेक्षा मोबाइल वेगळा आहे तो नेमका याच बाबतीत. तो एका माणसाचा असतो. तो एकाच्याच कानात बोलतो. म्हणून 'तू कोण? कुठला?' हा प्रश्न, जो कोणताही आजोबा गोष्ट सुरू करण्याआधी विचारत असे, तो सव्वाशे वर्षांनंतर यंत्राला पुन्हा विचारता येऊ लागला. तो आता कुठे आहे, कोणता महिना चालू आहे, हेही यंत्राला ठाऊक असतं. हिवाळ्याची गोष्ट हिवाळ्यापुरती ठेवणं मेणाच्या नळीला शक्य नव्हतं, मोबाइलला शक्य आहे. शक्य आहे म्हणून होतं असं नाही. बहुतेक संग्रहालयांचे क्यूआर कोड आजही १९५२च्या टेपसारखेच वागतात, आणि दुसऱ्या मोबाइलवर मुद्रण करून कुणीही ते व्हॉट्सॲपवर ढकलू शकतं. झोळीला भोक पडायला एक नातेवाइकांचा ग्रुप पुरतो.

*

पासामाक्वॉडींचं पुढे काय झालं? १९७९मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने मेणाच्या हजारो नळ्या टेपवर उतरवायचा प्रकल्प हाती घेतला आणि ऐंशीच्या दशकात मूळ समाजांना कॅसेट पाठवल्या. पासामाक्वॉडींनाही मिळाल्या. खरखर इतकी की शब्द लागत नसत. गेल्या दशकात आणखी चांगल्या तंत्राने त्या नळ्या पुन्हा वाचल्या गेल्या, आणि यावेळी आधी समाजाला विचारलं गेलं. डोनाल्ड सॉक्टोमा, ड्वेन टोमा यांच्यासारख्या पासामाक्वॉडी जाणकारांनी, भाषा येणाऱ्या वृद्धांच्या मदतीने, एकेक नळी ऐकली. पुन्हा ऐकली. कान लावून शब्द लिहून काढले. ड्वेन टोमा ती गाणी शिकले आणि लोकांपुढे गाऊ लागले. मला इथे थांबावंसं वाटतं. सेलमोर आणि जोसेफ्स कर्ण्यात गायले १८९०मध्ये, आणि त्यानंतर त्यातली काही गाणी प्रथमच त्यांच्या माणसांच्या तोंडी आली, मधल्या चार-पाच पिढ्या ओलांडून. लायब्ररीने टेप पाठवली म्हणून ती आली नाहीत. भाषेत वाढलेले काही कान अजून जिवंत होते म्हणून आली. आणखी वीस वर्षं उशीर झाला असता तर स्वच्छ ध्वनिमुद्रण आणि त्याचा अर्थ न लागणारी माणसं, एवढंच उरलं असतं.

पासामाक्वॉडींनी मुकुर्तूवर स्वतःचं संकेतस्थळ उभं केलं. कोणती नळी सर्वांसाठी, कोणती फक्त आपल्यासाठी, हे त्यांनी ठरवलं. आणि २०१८मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने आपल्या नोंदींवर त्या समाजाची लेबलं लावली. ही लेबलं 'लोकल काँटेक्स्ट्स' नावाच्या उपक्रमातून आली आहेत. जेन अँडरसन आणि किम्बर्ली क्रिस्टन यांनी तो २०१०मध्ये सुरू केला. लेबल म्हणजे कायदा नव्हे, पाटी. पासामाक्वॉडींच्या पाट्या त्यांच्या भाषेत आहेत. एकीचा अर्थ, श्रेय योग्य माणसाला द्या. दुसरीचा, हे शिकण्या-शिकवण्यासाठी आहे. तिसरीचा, हे विकायचं नाही. देशाच्या राष्ट्रीय ग्रंथालयातल्या नोंदीवर, जिथे पूर्वी संग्राहक म्हणून फक्त फ्यूक्सचं नाव ठळक असे, तिथे आता गाणाऱ्यांची नावं आणि त्यांच्या वंशजांची अट वाचायला मिळते.

पाटीला कायद्याचा जोर नाही, ही त्यातली कमजोरी आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. अमेरिकेत १९९०मध्ये आदिवासींचे अवशेष आणि पवित्र वस्तू परत करण्याचा कायदा झाला, पण आवाज त्यात येत नाही. हाडं परत मागता येतात, गाणं नाही. आपल्याकडे तर १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे त्याचा निर्माता. म्हणजे त्या कॅसेटपुरती मी. १९९४मध्ये कायद्यात कलावंतांचे हक्क आले, पण परंपरेने समाजाचं असलेलं गाणं त्या चौकटीत नीट बसत नाही. वारली चित्रकलेला २०१४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आदिवासी युवा सेवा संघाने त्यासाठी खटपट केली. चित्राला नाव मिळालं, हे चांगलं झालं. गाण्याला अशी कुठली नोंद नाही.

*

आपल्याकडे काहीच झालेलं नाही असं मात्र म्हणता येत नाही, आणि मला अभिमान वाटावा असं काम तर अगदी शेजारचं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉत्वाँ यांनी मुळशी-मावळपासून सुरुवात करून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आता 'पारी'च्या संकेतस्थळावर त्या मोबाइलवर ऐकता येतात. ओवीखाली गाणारीचं नाव असतं, गाव, तालुका, तिची जात, मुलं किती, काम काय करते. मी पहिल्यांदा ते पान उघडलं तेव्हा मला माझ्या कॅसेटची लाज वाटली. त्याच काळात, त्याच राज्यात, माझ्यापेक्षा फार वेगळी साधनं नसलेल्या माणसांनी नाव लिहून घेतलं होतं.

मध्य भारतात शुभ्रांशु चौधरी यांनी २०१०मध्ये 'सीजीनेट स्वरा' सुरू केलं. स्मार्टफोनही लागत नाही. ठरावीक क्रमांकावर फोन करायचा, बोलायचं किंवा ऐकायचं, गोंडीतही. पुढे त्यातून 'आदिवासी रेडिओ' हे ॲप निघालं, आणि मधल्या काळात वेगवेगळ्या राज्यांतले गोंड, त्यांत आपल्या गडचिरोली-चंद्रपूरचेही, एकत्र बसून एक समान गोंडी शब्दकोश करत होते. हे संग्रहालय नव्हे. इथे ऐकवणारे आणि ऐकणारे एकच. मला वाटतं, म्हणूनच इथे परवानगीचा प्रश्न फारसा उद्भवला नाही. तो उद्भवतो तो आवाज घराबाहेर, अनोळखी कानाकडे निघाला की.

संग्रहालय हे अनोळखी कानांचंच ठिकाण. तरीही तिथे हे जमू शकतं याचं एक उदाहरण २०१७चं आहे. कॅनबेराच्या नॅशनल म्युझियम ऑफ ऑस्ट्रेलियाने अनांगू आणि शेजारच्या लोकांबरोबर 'सात बहिणीं'ची गाणवाट मांडली. वाळवंटभर पसरलेली ती वाट म्हणजे एका लंपट पुरुषापासून पळणाऱ्या सात बहिणींची कथा. शेवटी त्या आकाशात जातात आणि तारे होतात. आपण त्या ताऱ्यांना कृत्तिका म्हणतो. त्या प्रदर्शनाची मागणी वृद्धांकडूनच आली होती, तरुण पोरं वाटेवर चालायला येत नाहीत म्हणून. त्यांनी ठरवलं काय सांगायचं. पडद्यावर माणसाच्या उंचीच्या वृद्धा प्रेक्षकांना आपल्या भूमीत बोलावत. कथेचा जो थर बाहेरच्यांना सांगायचा नव्हता, तो सांगितला नाही. तो कुठे होता हेही कुणाला कळलं नाही. मार्गो नील या स्वतः आदिवासी असलेल्या क्युरेटर बाई त्या प्रदर्शनाच्या प्रमुख होत्या, हा काही योगायोग नसावा.

*

गेल्या मार्गशीर्षात मी डहाणूला गेले. ठाणे जिल्हा आता पालघर झाला आहे, रस्ता डांबरी झाला आहे, पाडा शोधायला दोन दिवस लागले, कारण कॅसेटवर नावच नव्हतं. एका म्हाताऱ्याने आवाज ओळखला. मोबाइलवर तीस सेकंद ऐकून त्याने हात वर केला आणि कुणाचं घर ते सांगितलं. ती धवलेरी वारून बरीच वर्षं झाली होती. तिच्याबरोबर गायला शिकलेली बाई आता लग्नं लावते. साठीची असेल. ती, तिची सून आणि शाळेत जाणारी नात ओट्यावर बसल्या. मी फोन मध्ये ठेवला.

पहिली पाच मिनिटं कुणी बोललं नाही. मग बाईच्या ओठांची हालचाल सुरू झाली, पुढची ओळ टेपच्या आधी तिच्या तोंडून येऊ लागली. एके ठिकाणी ती थांबली, म्हणाली, "इथं चुकली. दमली होती ती." टेपमध्ये कोंबडा आरवला तेव्हा नात हसली.

मग बाईने विचारलं, हिचं नाव कुठे लिहिलंय? मी म्हटलं, लिहिलं नाही, माझी चूक झाली. ती काही बोलली नाही. सुनेने बोलणं दुसरीकडे नेलं.

संग्रहालयाचं सगळं सांगितलं. शहरातली माणसं चित्रासमोर उभी राहतील, फोन धरतील, ऐकतील. कोणती माणसं, तिने विचारलं. कुणीही, मी म्हटलं. किती वाजता? सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. सोमवारी बंद. तिथे चौक कुणी लिहिलाय? एका चित्रकाराने, कागदावर. बराच वेळ ती फोनकडे बघत राहिली. मग तिने मला टेप पुन्हा सुरुवातीपासून लावायला सांगितली आणि बोट वर करून थांबवत गेली. नवरीच्या घरचं, हळदीचं, थट्टेचं, ते चालेल, लावा. त्यानंतरचा एक भाग, जिथे पालघटाला बोलावणं आहे, तो तिने हाताने बाजूला सारल्यासारखा केला. "बाई, हे बोलावणं आहे. तिथं लग्न नाही, काही नाही. ती आली तर कुणाकडे येणार?"

मी त्याला काय उत्तर देणार? वीस मिनिटांचा तो भाग मी वेगळा काढला. उरलेल्याचेही दोन तुकडे झाले. दुसऱ्यात एका माणसाची घरगुती थट्टा होती, तो अजून हयात आहे, त्याला विचारा, असं सुनेने सांगितलं. संग्रहालयाला मी हे सगळं कळवलं. फोनवरचा तो तरुण जरा हिरमुसला, कारण पालघटाचा भाग त्याला सर्वांत जास्त हवा होता, मध्यभागी तीच तर आहे. मग म्हणाला, तिथे क्यूआर कोडखाली लिहू या की हे इथे वाजत नाही, आणि का नाही. मला ते आवडलं. पण ते वाक्य कुणी लिहायचं, मी की त्याने, की त्या बाईने, यावर आम्ही अडलो आहोत.

मूळ कॅसेट मी त्या घरी दिली. वाजवायला त्यांच्याकडे काही नाही, म्हणून नातीच्या आईच्या मोबाइलवर पूर्ण साठ मिनिटं चढवून दिली. नातीने त्या फाइलला धवलेरीचं नाव दिलं. ते नाव मी इथे लिहीत नाही. संग्रहालयाच्या पाटीवर यावं की नाही, याचं उत्तर अजून यायचं आहे. फाल्गुनात ती बाई आणि सून दालन बघायला येणार होत्या, तेव्हा लग्नं निघाली म्हणून जमलं नाही. आता दिवाळी झाली की येणार आहेत. तोपर्यंत त्या चित्राशेजारची जागा रिकामी ठेवली आहे.